फांगच्या आईची शोकसभा

गरम पाण्याचा थर्मास घेऊन मी फांगच्या खोलीत शिरलो आणि दारातच थबकलो. टेबलावर त्याच्या आईचा फोटो होता. तो रोजच असायचा. पण आज त्या फोटोला हार घातलेला होता. निशिगंधाचा, मधेमधे गुलाब गुंफलेला, चांगला दोन हात लांब हार.

मी आधी चपला काढल्या.

फांग मोरीतून बाहेर आला. डोळे लाल, नाक लाल, हातात रुमाल. मला बघून त्यानं नाक पुसलं.

"मदर?" मी फोटोकडं बघत हळूच विचारलं.

"मदर," तो म्हणाला.

"एज?"

"एटी वन." मग जरा थांबून, "गुड मदर. व्हेरी गुड मदर."

मी हात जोडले. त्यानंही जोडले आणि वर हसला. काय धीराचा गडी, असं मला वाटलं. थर्मास ठेवून मी उलट्या पावली बाहेर आलो. जिना उतरताना माझेच डोळे भरून आले होते. ही गोष्ट खरी आहे. माझ्या बाबतीत हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इचलकरंजीत वसंत शिरगुप्पे म्हटलं की लोक अजून विचारतात, "कोण, तो मगरवाला?" पंचगंगेच्या पुरात मी मगरीच्या पाठीवर बसून शिरोळला गेलो होतो, असं मी एकदा सांगितलं होतं. मगर नव्हती. पूर होता.

तर हा फांग. फांग वेमिन. आमच्या मगदूम मालकांनी चीनमधून चोवीस नवे माग मागवले, त्यांच्याबरोबर ते जोडून द्यायला कंपनीनं हा माणूस पाठवला. दोन हजार पाच सालची गोष्ट. पंचेचाळिशीचा, बुटका, हातात कायम पाना. मी त्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाका मारतात तो. फांगच्या जोडीला कोण द्यायचा असा प्रश्न निघाला तेव्हा मी छाती काढून म्हणालो, "मला चिनी येतं मालक. बासष्टच्या लढाईत मी सरहद्दीवर होतो." बासष्ट साली मी तेरा वर्षांचा होतो आणि सरहद्द म्हणजे आमच्या वाडीची वेस. पण मालकांनी बोटं मोजली नाहीत आणि फांग माझ्या गळ्यात पडला.

भाषेचं पहिल्या दिवशीच उघडं पडलं. पण पान्याला भाषा लागत नाही. तो "वसंत" म्हणायचा आणि हात पुढं करायचा, मी बरोबर पाहिजे तोच पाना द्यायचो. तेरा नंबर, सतरा नंबर. उरलेलं आम्ही दोघांच्या मोडक्या इंग्रजीत भागवायचो. त्याची जास्त मोडकी की माझी, यावर मिलमध्ये दोन तट होते.

आदल्या दिवशी पहिले आठ माग सुरू झाले होते. पूजा झाली, नारळ फुटला आणि मालकांनी फांगचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि हा हार. त्या हाराखाली त्याची हनुवटी दिसत नव्हती. रात्री खोलीवर गेल्यावर एवढ्या मानाच्या वस्तूचं करायचं काय, हा त्याला प्रश्न पडला असणार. आणि मिलच्या ऑफिसात मालकांच्या वडिलांचा मोठा फोटो होता, त्याला मी रोज सकाळी ताजा हार घालायचो. हे तो महिनाभर बघत होता. इथले लोक आईबापाच्या फोटोला हार घालून मान देतात, एवढं त्याला कळलं होतं. मालकांचे वडील वारलेले आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं मला दुपारनंतर समजलं. लाल डोळ्यांचंही. निशिगंधाच्या वासानं तो रात्रभर शिंकत होता.

सकाळी मात्र मी थेट गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर गेलो. तिथं इस्माईल जमादार, आमचा जुना विणकर, बशीत चहा ओतून बसला होता.

"फांगची आई गेली," मी म्हणालो.

"काय सांगतोस मर्दा! कवा?"

आता इथं थांबायला पाहिजे होतं. मला ठाऊक नाही, हे तीन शब्द म्हणायचे होते. पण कुणी प्रश्न विचारावा आणि आपल्याकडं उत्तर नसावं, हे मला जन्मात सोसलेलं नाही.

"काल सांजच्याला."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंच की. फोन आला तवा मी खोलीतच हुतो."

"आगं आई गं." इस्माईलनं बशी खाली ठेवली. भोवती चार जण जमले. "कशानं गेली?"

"हार्ट. जेवण झालं, भांडी घासली, अंगणात खुर्चीवर टेकली ती टेकलीच. फांगच्या भावानं फोन लावला. तो हिकडनं निस्ता 'हां, हां' म्हणत हुता. फोन ठेवला आन् माझ्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडला. म्हणाला, वसंत, आता मला कोण न्हाई."

"आन् काल तर त्याचा सत्कार!"

"तेच की. हार गळ्यातच हुता. तोच काढून आईच्या फोटोला घातला."

इस्माईलनं डोळे पुसले. खरं सांगतो, मीसुद्धा पुसले. मी सांगत होतो ते मला दिसत होतं. ती खुर्ची, ते अंगण, कुंपणाला एक दोडक्याचा वेलसुद्धा होता.

दहा वाजता मालकांनी माग बंद करायला लावले. साठ माणसं अंगणात उभी राहिली. मालक पांढरे कपडे घालून आले. त्यांच्या आई, ज्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, त्यासुद्धा गाडीतून आल्या. ऑफिसातल्या शैलजा बिरनाळेनं फांगच्या कंपनीला शोकसंदेशाचा फॅक्स आधीच धाडला होता. मला पाठवलं, फांगला खाली घेऊन ये म्हणून.

फांग लाल टी-शर्ट घालून आला. एवढी माणसं गप्प उभी बघून तो बिचकला. मालकांनी भाषण केलं. आई ती आई, मग ती इथली असो की चीनची, असं काहीतरी. फांगला एक अक्षर कळलं नाही. मग दोन मिनिटं शांतता झाली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, तशी त्यानंही घातली. शांतता संपली आणि आक्का पुढं आल्या. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि हुंदका दिला. फांग गडबडला. मग त्यानं म्हातारीला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिला. अगदी मनापासून थोपटत होता.

आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडं बघत तो हळूच म्हणाला, "वसंत, हू डाय?"

मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यानं शैलजाकडं वळून तेच विचारलं. शैलजाला इंग्रजी चांगलं येत होतं. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग काय ते सांगितलं. फांगचं तोंड उघडं राहिलं. त्यानं भराभरा काहीतरी विचारलं, तिनं माझ्याकडं बोट केलं.

"काय म्हणतोय?" मालकांनी विचारलं.

"सर," शैलजाचा आवाज बसला होता, "त्यांची आई जिवंत आहे. आज सकाळीच बोलले म्हणे फोनवर. मासे आणायला गेली होती."

साठ माणसं. पाठीमागं कुणीतरी खोकलं आणि तेही मधेच थांबलं.

"वसंता," मालक म्हणाले, "ह्यानं तुला सांगितलं म्हणालास ना?"

मी फांगकडं बघितलं. फोन आला नव्हता हे त्याला माहीत होतं. खांदा माझा होता आणि डोकं त्याचं होतं, तेव्हा तेही त्याला माहीत होतं. तो एक क्षण माझ्याकडं बघत राहिला. मग मालकांकडं वळून त्यानं कमरेत वाकून मान लववली.

"माय इंग्लिश बॅड," तो म्हणाला. "माय मिस्टेक. सॉरी. सॉरी."

माग पुन्हा सुरू झाले. आक्का हसत हसत गाडीत बसल्या, बरं झालं म्हणाल्या, म्हातारीचं आयुष्य वाढलं. मालक हसले नाहीत.

त्या संध्याकाळी मी फांगच्या खोलीत गेलो. हार गेला होता, फोटो तिथंच होता. सॉरी म्हणायला गेलो होतो, पण तोंड उघडण्याआधीच तो उठला आणि नाटक करायला लागला. रस्त्यानं चाललाय, लांब कुणीतरी ओळखीचं दिसतं. हात वर करून जोरात हलवतो. माणूस जवळ येतो, बघतो तर ओळखीचा नाहीच. आता वर गेलेल्या हाताचं करायचं काय? फांगनं तो हात हवेत तसाच ठेवला, मग हळूहळू डोक्याकडं नेला आणि डोकं खाजवलं. मी खदाखदा हसलो.

"धिस," तो म्हणाला, "चायनीज से, गान्गा."

पहिलं अक्षर सपाट ओढायचं, दुसरं हातातून ओझं टाकल्यासारखं खाली टाकायचं. गान्-गा. त्यानं कागदावर दोन चित्रं काढली, त्यांची अक्षरं म्हणजे चित्रंच. दोन्हीच्या डाव्या बाजूला एकच खूण होती. ती दाखवून तो लंगडत खोलीभर चालला. वाकड्या पायाचा माणूस. एकदा नाही, दोनदा काढलेला. धड चालता येत नाही आणि धड उभंही राहता येत नाही.

मी मनात शब्द शोधायला लागलो. लाज म्हणावं तर लाज नाही. संकोच म्हणावं तर तो आधी असतो, हे नंतरचं. अवघडल्यासारखं होणं हे जवळचं, पण त्यात तो हवेतला हात दिसत नाही. ओशाळणं, खजील होणं, सगळे घालून बघितले, एकही बरोबर बसेना. पान्यासारखंच असतं ते. बारा नंबर तेराला लागत नाही.

"टुडे," फांग बोटं मोजत म्हणाला, "मी गान्गा. यू गान्गा. मगदूम सर गान्गा. ओल्ड मदर गान्गा." मग त्यानं हात झटकले. "फिनिश."

मी त्याला फोनबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यानंही काढला नाही. त्यानं माझी लाज राखली होती आणि मी ती खिशात घालून घरी गेलो.

पुढं तो शब्द मीच मिलभर केला. मालक समोरून येताना धागा तुटला की विणकर ओरडायचे, "गान्गा!" इस्माईलच्या लेकीला बघायला आलेल्यांसमोर त्याची कवळी चहात पडली, तेव्हा म्हणे तो स्वतःच गान्गा म्हणाला. ही गोष्ट इथवर मी आजपर्यंत दोनशे वेळा तरी सांगितली असेन. लग्नात, बारशाला, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. 'हू डाय' म्हटलं की माणसं पोट धरतात. मग मी उठतो. कुणी विचारलंच, पुढं त्या चिन्याचं काय झालं, तर सांगतो, गेला की आपल्या देशात.

पुढचं असं झालं.

गणपती गेले आणि साताठ दिवसांत फांगच्या भावाचा फोन आला. खराखुरा. म्हातारीला दवाखान्यात ठेवलंय, फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टर थोडेच दिवस म्हणतायत. सोळा माग झाले होते, आठ राहिले होते. फांगच्या कंपनीचा नियम असा, की ज्याच्याकडं काम चालू आहे त्यानं फॉर्मवर सही केल्याशिवाय इंजिनिअरनं जागा सोडायची नाही. फांग फॉर्म घेऊन ऑफिसात आला आणि मला बरोबर घेऊन आला.

ऑफिसात मालक होते, शैलजा होती, सुताचे दोन व्यापारी बसले होते, आणि काहीतरी तक्रार घेऊन इस्माईल उभा होता.

"माय मदर, हॉस्पिटल," फांग म्हणाला. "व्हेरी सिक. आय गो, टेन डेज. देन कम बॅक, फिनिश."

मालकांनी फॉर्म हातात घेतला, वाचला आणि टेबलावर ठेवला.

"शैला, विचार ह्याला, ही दुसरी आई का पयलीच?"

व्यापारी हसले.

"आईची गंमत करू नका मालक," इस्माईल म्हणाला.

"मी करतोय व्हय गंमत? मागं मिल बंद ठेवली मी. साठ माणसं उन्हात उभी केली. माझी आई रडली ह्याच्या गळ्यात पडून. आन् मग हा म्हणतोय इंग्लिश बॅड." मालक तसा माणूस वाईट नव्हता. दिवाळीच्या आधी कापड देतो असा त्यानं शब्द दिला होता आणि आठ माग खोक्यात पडून होते. "त्याच्या कंपनीला मी फॅक्स केला, ते मला उलट विचारतायत, आमच्या माणसाला सुट्टी पायजे हुती म्हणून त्यानं तुम्हाला असं सांगितलं का? मी काय सांगू? वसंता, हिकडं ये. तू मधला माणूस. तूच सांग. तवा ह्या फांगनं तुला सांगितलं हुतं का न्हाई वसंता, आई गेली म्हणून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. फांगही. त्याला मराठी कळत नव्हतं, पण आपलं नाव आणि माझं नाव त्याला कळत होतं. एका वाक्यात दोन्ही आली होती, तेव्हा काय विचारलं हे त्यानं ओळखलं असणार.

मालक, त्यानं सांगितलं नव्हतं. मी थाप मारली. एवढंच म्हणायचं होतं. मालक दोन शिव्या देणार, व्यापारी हसणार, इस्माईल गावभर करणार. मगरवाला होतोच मी, त्यात आणखी एक. सही झाली असती, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला निघाला असता.

वर पंखा फिरत होता. फॉर्मचा एक कोपरा उडत होता आणि मालकांनी त्यावर पेपरवेट ठेवला. शैलजा नखं बघत होती. मी तोंड उघडलं, तर व्यापाऱ्यांपैकी जाडा होता तो आधीच गालात हसत होता, आता हा काय सोडतोय ते ऐकू म्हणून. माझ्या गोष्टी त्याच्या ओळखीच्या होत्या. का कुणास ठाऊक, त्या जाड्या माणसापुढं मला ते म्हणता येईना. नावसुद्धा माहीत नाही मला त्याचं.

"आता..." मी म्हणालो, "त्याच्या बोलण्यात तसं आलं हुतं खरं."

"बघा," मालक म्हणाले.

फांग माझ्याकडं बघतच होता. मी पेपरवेटकडं बघत होतो. काचेचा, आत रंगीत फुलं असलेला. मग त्यानं पेपरवेट बाजूला केला, फॉर्म उचलला, त्याची घडी घातली, पुन्हा घडी घातली आणि खिशात ठेवला.

"ओके," तो म्हणाला. "नो प्रॉब्लेम. फिनिश मशीन, देन गो."

जाताना दारात मी उभा होतो, म्हणून त्याला अंग चोरून जावं लागलं. आणि जाता जाता त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला, आपण आजारी माणसाच्या ठेवतो तसा.

दोन दिवस मी काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी मालकांच्या घरी गेलो. ते जेवून झोपाळ्यावर बसले होते.

"मालक, त्या फांगनं मला काय सांगितलं नव्हतं. फोन नाही, रडणं नाही. फोटोला हार बघितला आन् बाकीचं मी रचलं."

मालकांनी झोपाळा थांबवला.

"वसंता, तुझं मन मोठं हाय. त्या चिन्यासाठी स्वतःवर घेतोयस."

"मालक, आईशप्पथ..."

"मगरीच्या वेळीबी आईशप्पथच घेतली हुतीस. डोळ्यात पाणीबी असंच हुतं." ते हसले, आणि ते हसणं मायेचं होतं, हे आणखी वाईट. "जा. आठ माग उभे राहू देत, मी स्वतः त्याला इमानात बसवतो."

मी तिथं आणखी काय बोललो ते सांगण्यात अर्थ नाही. जेवढं जास्त बोललो तेवढी गोष्ट रंगत गेली. रचताना मी कुठं अडखळलो नव्हतो. खरं सांगताना मात्र एक वाक्य धड लागेना.

फांगनं मग दिवसाला चौदा तास काम करायला सुरुवात केली. एक माग जोडायला चार दिवस लागायचे, ते त्यानं दीडावर आणले. मी सावलीसारखा त्याच्याबरोबर होतो. तो "वसंत" म्हणायच्या आत पाना हातात द्यायचो. बायको डबा भरून द्यायची, मी त्याच्यापुढं उघडून ठेवायचो. तो एका हातानं खायचा आणि दुसऱ्या हातानं नट फिरवायचा.

ऑफिसातल्या त्या दिवसापासून नवव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, शैलजा धावत शेडमध्ये आली. राहिलेल्या आठातले सहा माग उभे होते. सातव्याची फणी बसवायची चालली होती. फांग तिच्याबरोबर ऑफिसात गेला. काचेतून मला दिसत होता. फोन कानाला लावून तो उभा होता. मग दोन शब्द बोलला आणि फोन ठेवला. तो परत आला, त्यानं फणीचे राहिलेले चार बोल्ट आवळले, एकेक करून, नीट. मग नळावर जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत.

या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही.

मालक स्वतः खाली आले. फॉर्म फांगच्या खिशातच होता, घामानं भिजून मऊ झालेला. मालकांनी तो त्याच्या पाठीवर ठेवूनच सही केली, टेबल शोधायला थांबले नाहीत. आक्कांना त्यांनी सांगितलंच नाही, असं मागाहून कळलं.

मुंबईपर्यंत जीप दिली, सोडायला मी. आठ तासांचा रस्ता. कराड गेलं, सातारा गेला. ज्या माणसाला घरापासून गेटपर्यंत जाताना तीन गोष्टी सुचतात, त्याला शिरवळपर्यंत एक शब्द सुचला नाही. शिरवळला ड्रायव्हरनं चहाला गाडी थांबवली. आम्ही दोघं एका बाकड्यावर बसलो.

"फांग," मी म्हणालो, "दॅट डे. फर्स्ट डे. फोन... आय टेल लाय. ऑल लाय."

"आय नो," तो म्हणाला.

"ऑफिस ऑल्सो. मगदूम सर आस्क मी. आय..."

"आय नो."

चहा आला. तो साधं गरम पाणीच प्यायचा. पण त्या दिवशी त्यानं चहा घेतला. एक घोट घेऊन त्यानं कप खाली ठेवला.

"दॅट डे, ऑफिस," तो म्हणाला, "आय वेट." त्यानं एक बोट वर केलं. "वन मिनिट, आय वेट फॉर यू. आय लुक युअर फेस. आय थिंक, नाऊ वसंत स्पीक. नाऊ स्पीक." तो रागानं बोलत नव्हता. कुठला बोल्ट कसा बसला नाही हे समजावून सांगताना जसा बोलायचा, तसंच. "देन आय सी, फॉर वसंत, टू मच डिफिकल्ट. सो आय गो आउट."

मी मान खाली घातली. समोरच्या रस्त्यावरून ट्रक जात होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

विमानतळावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जीपच्या मागं दोन बॅगा होत्या. मी मोठी ओढायला गेलो. त्यानं माझा हात बाजूला केला, ती स्वतः उचलली आणि दुसरी माझ्याकडं दिली. आत काही नसल्यासारखी हलकी होती.

दारापर्यंत ती मी नेली.